एकोणिसावा नंबर

"सख्ख्या भावाला वगळलंस. मानलं बुवा तुला," असं म्हणून ओडेल हॅम्बीने पाठीवर थाप मारली तेव्हा एमेट टॅलबर्टच्या तोंडात तळलेल्या माशाचा घास होता. तो घास त्याने नीट चावून गिळला, वर थंड गोड चहाचा घोट घेतला आणि मग विचारलं, "कुणाला?" ओडेल हसला. मोबीलच्या बंदरावर चाळीस वर्षं क्रेन चालवून निवृत्त झालेला हा माणूस. आपल्याला सगळं वरून दिसतं असा त्याचा तेव्हापासूनचा समज होता. "साळसूदपणा पुरे," तो म्हणाला. "बारा वाजता यादी आली. कॅल्डर स्टेट एका गुणाने हुकली. एका! आपल्या राज्यातल्या चार मतदारांपैकी तिघांनी त्यांना मत दिलंय. चौथे आपण." त्याने फोन एमेटच्या ताटापुढे धरला आणि काउंटरपलीकडच्या व्हर्नाला हाक मारली, "व्हर्ना, बघून घे याला. असली माणसं आता औषधालाही मिळत नाहीत." व्हर्ना मक्याच्या पावाची परडी घेऊन आली. "माझा भाऊ असता तर हा चहाचा जग मी याच्या टाळक्यात घातला असता," ती म्हणाली, आणि न विचारता एमेटच्या ताटात आणखी एक पाव ठेवून गेली. तिच्या परीने तोही सत्कारच होता.

एमेटने चष्मा कपाळावरून खाली ओढला. यादी नेहमीसारखीच होती. पंचवीस नावं, प्रत्येकापुढे गुण. पंचविसाव्या संघाला एक्केचाळीस. त्याखाली बारीक अक्षरात 'मतं मिळालेले इतर संघ', आणि त्यात पहिलंच नाव, कॅल्डर स्टेट, चाळीस. देशभरातले एकतीस पत्रकार दर सोमवारी सकाळी दहाच्या आत आपापले पंचवीस संघ लावून पाठवतात. पहिल्याला पंचवीस गुण, शेवटच्याला एक. बेरीज होते आणि दुपारी बाराला जाहीर होतं की कॉलेज बेसबॉलमध्ये या आठवड्यात देशात कोण कितवं. कुणी काय लावलं तेही सगळ्यांना बघायला मिळतं. त्याने स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. पंचवीस नावं उघडली. वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. कॅल्डर स्टेट नव्हती.  पण त्याने भावाला वगळलं नव्हतं. कॅल्डर स्टेटला तेविसावा नंबर द्यायचा हे त्याने रविवारी दुपारीच ठरवलं होतं, धुतलेले कपडे घडी करता करता. तेविसावा म्हणजे तीन गुण. तेविसावा कशाला, नुसता शेवटचा दिला असता तरी एक्केचाळीस झाले असते आणि दोन संघ मिळून पंचविसावे ठरले असते. ठरवलं होतं हे त्याला स्पष्ट आठवत होतं. लिहिल्याचं आठवत नव्हतं. "काय, गिळवत नाही?" ओडेलने विचारलं. "काटा लागला," एमेट म्हणाला.

तो चालत पेपरच्या ऑफिसकडे निघाला. एप्रिल संपत आला होता आणि ओकच्या झाडांखालची फरसबंदी मुळांनी उचलली गेली होती. इतकी वर्षं त्याच रस्त्याने जाऊन त्याच्या पायांना प्रत्येक उंचवटा पाठ होता, तसं डोक्यालाही बरंच काही पाठ होतं आणि त्यामुळेच डोकं हल्ली फारसं कामाला लावावं लागत नसे. एकोणीस वर्षं तो हे मत देत होता. पहिली काही वर्षं त्याने वहीत दर सामन्याची नोंद ठेवली. पश्चिम किनाऱ्यावरचे सामने इथल्या मध्यरात्रीपर्यंत रेडिओवर ऐकले. त्यापायी बायको आधी चेष्टा करायची, मग रागवायची, मग पेन्साकोलाला बहिणीकडे राहायला गेली आणि तिकडचीच झाली. तीनशे संघ, दर आठवड्याला प्रत्येकाचे चार सामने. कोण बघणार? कुणीच बघत नाही, आणि कुणीच बघत नाही हे एकतिसांतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असा तो कारभार. अलीकडे तर फॉर्म उघडला की तो स्वतःच विचारतो, मागच्या आठवड्याची यादी तशीच ठेवायची का? आणि एमेट 'हो' म्हणतो, मग हरलेल्यांना खाली सरकवतो, जिंकलेल्यांना वर घेतो. सकाळी पावणेसातला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्याने 'हो' म्हटलं होतं. पहिले पाच बदलले होते. कॉफी उतू गेली म्हणून उठला होता. शेगडी पुसून परत आला, आणि पाठवलं. बस. यात कॅल्डर स्टेट कुठे आली? आलीच नाही. ती गेल्या आठवड्याच्या यादीत नव्हती, म्हणून या आठवड्याच्याही नव्हती. इतकं साधं. आणि इतकं साधं असेल यावर त्याचा विश्वास बसेना. माणूस दूरचा कुठला संघ विसरतो, परक्याचं नाव विसरतो. सख्ख्या भावाचा संघ विसरायला काहीतरी निराळं लागत असेल. की नसेल? हे त्याला कळेना, आणि न कळण्याचाच त्याला फार थकवा आला.

कर्टिस सात वर्षांनी लहान. कॅल्डर हे गाव वर, पाइनच्या रानात, अडीच तासांवर. तिथल्या त्या लहानशा कॉलेजात तो बावीस वर्षं बेसबॉलचा प्रशिक्षक होता. प्रशिक्षक म्हणजे मैदानाची माती स्वतः ओढणारा, रेषा स्वतः मारणारा आणि बस बंद पडली तर बॉनेटमध्ये डोकं घालणारा. मैदानाच्या उजव्या भिंतीवर, १९८८ साली कुणा हौशी अध्यक्षाने पांढऱ्या चौकटी रंगवून घेतल्या होत्या. एकीवर 'विभागीय विजेतेपद', तिच्याखाली दोन सालं. दुसरीवर 'देशात क्रमांक', आणि खाली कोरं. पाहुण्या संघांची पोरं त्या कोऱ्या चौकटीकडे बघून विचारायची, "इथे सिनेमा किती वाजता लावता?" कर्टिस म्हणायचा, "तुम्ही हरलात की." फेब्रुवारीत विश्वस्तांनी कळवलं की हा शेवटचा हंगाम, जूनमध्ये भिंत पाडणार, मैदानावर नर्सिंगची नवी इमारत येणार. आणि याच वर्षी, जाता जाता, त्या पोरांना काय झालं कोण जाणे. तेहतीस जिंकले, अकरा हरले. गेल्या महिन्यात कर्टिसने फोनवर सांगितलं होतं, "मी निळ्या रंगाचा डबा आणून ठेवलाय. एकदाच तिथे आकडा लागू दे. एका आठवड्यापुरता. मग खुशाल पाडा भिंत." एवढं म्हणून लगेच तो बोलला होता, "हे मी मत दे म्हणून सांगत नाहीये हं. तू तुझं बघ." एमेट म्हणाला होता, "मी माझंच बघतो." रविवारी दुपारी संदेश आला, 'तीनपैकी तीन'. एमेटने अंगठा पाठवला. हातात तेव्हा मोज्याची जोडी होती. म्हणजे माहीत नव्हतं असंही म्हणायला जागा नव्हती.

ऑफिसात ब्रुक त्याची वाटच बघत होती. ती क्रीडा पानाची संपादक, वय एकतीस, आणि एमेटशी बोलताना आवाज जरा चढवायची, जणू तो बहिरा असावा. "एमेट! तुम्ही आज गाजताय," ती म्हणाली. "लोक धडाधड वाचतायत. टेक्ससमधल्या एकाने लिहिलंय, पत्रकारिता अजून जिवंत आहे. मला सहाशे शब्द द्या, बुधवारच्या अंकाला. 'मी माझ्या भावाला मत का दिलं नाही.' आतला झगडा वगैरे." "झगडा नव्हता गं," एमेट म्हणाला. "तेच लिहा! झगडाच नव्हता. रक्ताच्या नात्यापेक्षा—" "ब्रुक, ऐक—" पण ती फोन घ्यायला वळली होती, आणि एमेटच्या तोंडात आलेलं वाक्य तसंच मागे गेलं. नंतर तो स्वतःशी म्हणाला की तिने फोन घेतला म्हणून राहिलं. पण फोन चार मिनिटांत संपला आणि तो तिथेच खुर्चीत बसून होता. हे त्याला स्वतःबद्दल आवडलं नाही. थाप आवडली होती, हे खरं. ओडेलची थाप, व्हर्नाचा पाव, टेक्ससमधला तो कोण. एकोणीस वर्षांत त्याच्या यादीबद्दल त्याला शिव्याच मिळाल्या होत्या. एका गृहस्थाने तर डब्यात घालून मेलेला खेकडा पाठवला होता. आणि कौतुक झालं ते नेमकं अशा गोष्टीचं, जी त्याने केलीच नव्हती.

त्याने सहाशे शब्द लिहायला घेतले. 'हा निर्णय सोपा नव्हता,' असं लिहिलं आणि त्या वाक्याकडे बघत बसला. टॅलबर्टांच्या घरात याद्या नवीन नव्हत्या. त्यांचे डॅडी गावातल्या शाळेत बेसबॉल शिकवायचे. शुक्रवारी सकाळी स्वयंपाकघराच्या जाळीच्या दारावर संघाचा क्रम लिहिलेलं कार्ड लावायचे आणि गावातली पोरं शाळेत जाता जाता वाकडी वाट करून ते वाचायला अंगणात यायची. पण रविवारी संध्याकाळी त्याच दारावर दुसरं कार्ड लागायचं, घरातलं. या आठवड्यात कोण कितवं. ही डॅडींची थट्टा होती. आठवडाभर न बोलणाऱ्या माणसाची थट्टा. आई बहुतेक पहिली असायची, कारण जेवण तिच्या हातात होतं. कुत्रा, त्याचं नाव डीकन, बऱ्याचदा दुसरा. एमेट तिसरा, कर्टिस चौथा. कधी एमेट दुसरा. कर्टिस कुत्र्याच्या वर मात्र क्वचितच. "डीकन आज्ञा पाळतो," डॅडी सांगायचे. आठ वर्षांचा कर्टिस रविवारी चारपासूनच दाराभोवती घुटमळायचा. आणि एका रविवारी कार्ड लागलं त्यावर तीनच नावं होती. आई, डीकन, एमेट. कर्टिसने वाचलं. बोट लावून वाचलं. मग टाचणी काढून कार्ड उलटं करून बघितलं, मागे काही आहे का. आई म्हणाली, "अहो, पोराचं नाव?" डॅडी खुर्चीत पेपरमागे होते. पेपर खाली आला. क्षणभर, अगदी क्षणभर, त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं. मग ते म्हणाले, "मुद्दाम वगळलंय. जागा मिळवावी लागते, कर्टिस. कळलं?" कर्टिस म्हणाला, "हो सर." आणि दुसऱ्या दिवसापासून तो उजाडायच्या आत उठून गोदामाच्या भिंतीवर चेंडू मारायला लागला. दोनशे, तीनशे. आईची झोप मोडायची. पुढे सगळं आयुष्य त्याने त्या भिंतीवर उभं केलं. दरवर्षी नव्या पोरांना तो हीच गोष्ट सांगायचा. वडिलांनी मला यादीतून काढलं, म्हणून मी इथे आहे. एमेटने ती गोष्ट दोन मेजवान्यांत ऐकली होती आणि दोन्ही वेळा ताटात बघितलं होतं.

कारण तेव्हा तो सिंकपाशी बशा विसळत होता. पंधरा वर्षांचा. डॅडी टेबलाशी बसून कार्ड लिहीत होते. शनिवारी लागोपाठ दोन सामने झाले होते, दोन्ही हरले होते, आणि त्यांचे डोळे मिटत होते. पेन थांबलं. पाठमोऱ्या एमेटला त्यांनी विचारलं, "झाले ना सगळे?" आणि एमेटने मान न वळवता सांगितलं, "झाले." त्याला बशा संपवून नदीवर जायचं होतं. एवढंच. द्वेष नव्हता, काही नव्हतं. नळाचं पाणी गरम होतं आणि त्याने 'झाले' म्हटलं. एकोणपन्नास वर्षांत हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय? आणि आज सकाळी शेगडी पुसून तो टेबलाशी परत आला तेव्हा पडद्यावर प्रश्न होता, यादी पूर्ण झाली का? त्याने बटण दाबलं होतं. तेच 'झाले'. एमेटने 'हा निर्णय सोपा नव्हता' हे वाक्य पुसलं. मग पुन्हा लिहिलं. मग दिवा मालवून घरी गेला.

कर्टिसचा फोन सोमवारी आला नाही. हे जास्त वाईट होतं. आला तो मंगळवारी दुपारी तीनला, एमेट घरीच व्हरांड्यात उकडलेल्या शेंगा सोलत बसला असताना. पलीकडे पाण्याच्या नळीचा आवाज होता, म्हणजे भाऊ मैदानावर होता. "कसा आहेस?" कर्टिसने विचारलं. "आहे. तू?" "संध्याकाळी सामना आहे. माती लोखंडासारखी झालीय, पाणी मारतोय." मग म्हणाला, "पोरांनी बघितलं. आमचा शॉर्टस्टॉपला खेळणारा पोरगा म्हणाला, कोच, तुमच्या भावाला आम्ही काय केलंय?" "मग तू काय सांगितलंस?" "सांगितलं की माझा भाऊ प्रामाणिक माणूस आहे. त्याला नाही वाटलं, म्हणून नाही दिलं. लपूनछपून काही करत नाही तो." नळीचा आवाज दूर गेला आणि जवळ आला. "चुकीचं नाही ना सांगितलं?" एमेटच्या हातातली शेंग फुटली आणि खारं पाणी मनगटावरून ओघळलं. हे असं सोपं करून ठेवलंय याने, त्याच्या मनात आलं. दार उघडून धरलंय, मी फक्त आत जायचं. "नाही," तो म्हणाला. "म्हणजे तू विचार केला होतास." "केला ना." "किती?" "अरे, किती म्हणजे काय. सकाळभर केला. सोपं नव्हतं ते." कालचं वाक्य आयतं उपयोगी पडलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

पलीकडे नळी जमिनीवर पडली. मग नळ बंद केल्याचा आवाज आला आणि एकदम फार शांत झालं. "एमेट," तो म्हणाला, "मग ब्रॅडॉक एकोणिसाव्या नंबरावर कसं?" "काय?" "ब्रॅडॉक. तुझ्या यादीत. गेल्या आठवड्यात एकोणिसावं, या आठवड्यात एकोणिसावं. ते चार खेळले आणि चारही हरले. शेवटचा तर चौदा-एक. एकतीस जणांत तू एकट्याने त्यांना ठेवलंयस. सकाळभर विचार केलेला माणूस ब्रॅडॉकला एकोणिसावं ठेवत नाही. ब्रॅडॉकची आई ठेवणार नाही."  बावीस वर्षं दर सोमवारी दुपारी बाराला कर्टिस एकतीसच्या एकतीस याद्या वाचत असणार, ज्यात आपलं नाव कधीच नसतं त्या याद्या, हे एमेटच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. "मी काल रात्रीच बघितलं ते," कर्टिस म्हणाला. "म्हटलं, विचारू तर खरं. काय सांगतो बघू. आणि तू अगदी डॅडींसारखंच सांगितलंस. आवाजसुद्धा तोच." "म्हणजे?" "ते विसरले होते, एमेट. मला तेव्हाच कळलं होतं. त्यांचं तोंड बघितलं होतं मी." "मग ती गोष्ट? पोरांना सांगतोस ती?" "मग काय सांगू? माझा बाप मला विसरला, चला, मैदानाला पाच फेऱ्या मारा?" तो हसला, पण हसू लवकर संपलं. "वगळलं तर माणूस चेंडू मारत बसतो. विसरलं तर काय करायचं, सांग ना?"

तेव्हा एमेट बोलला. शहाणपणाने नव्हे, थकून बोलला. गोष्टी धरून ठेवण्याचा त्याला कंटाळा आला होता. "विसरलो रे," तो म्हणाला. "तेविसावा देणार होतो. कॉफी उतू गेली आणि मी विसरलो. जुनी यादी होती तीच पाठवली. कित्येक वर्षं मी असंच करतोय." "बरं," कर्टिस म्हणाला. "आणि अजून एक आहे." "अजून काय?" "त्या रविवारी डॅडींनी मला विचारलं होतं, झाले ना सगळे. मी भांडी विसळत होतो. मी झाले म्हणालो. बघितलंच नाही मी."  पलीकडे लांब पोरं चेंडू फेकत होती आणि हातमोज्यात चेंडू बसल्याचा चपाक असा आवाज तेवढा ऐकू येत होता. एकदा, पुन्हा एकदा. "हे मला माहीत नव्हतं," शेवटी कर्टिस म्हणाला. त्याचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा झाला होता. "मी म्हणायचो, एमेटने तरी लक्षात आणून दिलं असतं, तो तिथे असता तर. मला वाटायचं तू नदीवर होतास." "नदीवर नंतर गेलो." "हं." मग तो म्हणाला, "माती वाळायला लागली, मला पाणी मारलं पाहिजे," आणि फोन बंद झाला.

बुधवारच्या अंकात एमेटचं काही आलं नाही. ब्रुकला त्याने सांगितलं की लिहायला काही नाही, भावाला मी वगळलं नाही, विसरलो. तेव्हा तिने हळू आवाजात विचारलं, "हे आपण कुणाला सांगायचंय का?" "तू सांग, मी सांगतो, काहीही," तो म्हणाला. तिने पान दुसऱ्या बातमीने भरलं. ओडेलला त्याने काउंटरवर सांगितलं. ओडेल म्हणाला, "अरेरे," आणि त्या दुपारी वरून खाली बघायला त्याच्याकडे काही उरलं नाही. व्हर्नाने मात्र जग उचलून एमेटच्या डोक्यावर नेम धरल्यासारखं केलं आणि मग त्यातला चहा त्याच्या ग्लासात ओतला. कॅल्डर स्टेट मंगळवारी हरली. शुक्रवारी जिंकली. शनिवारी हरली, आठव्या इनिंगपर्यंत पुढे असताना. रविवारचा सामना एमेटने सुरुवातीपासून शेवटपर्यंत कॉलेजच्या रेडिओवर ऐकला, वही काढून, जुन्या सवयीने प्रत्येक चेंडू टिपत. चेंडू टाकणारा त्यांचा डावखुरा पिचर दमला होता. समालोचक तसं म्हणत नव्हता, पण चेंडूंच्या आकड्यांवरून एमेटला दिसत होतं. पाचव्या इनिंगला कुणीतरी त्याला बाहेर काढायला हवं होतं. कर्टिसने काढलं नाही. सहा-दोन हरले. चौतीस आणि चौदा. रविवारी संदेश आला नाही.

सोमवारी सकाळी तो साडेपाचला टेबलाशी बसला. फॉर्मने विचारलं, मागच्या आठवड्याची यादी तशीच ठेवायची का? त्याने 'नाही' दाबलं, आणि पंचवीस रिकाम्या जागा उघडल्या. त्या जागा अशा रिकाम्या त्याने किती वर्षांत बघितल्या नव्हत्या. वहीच्या एका पानावर त्याने सगळ्यात आधी 'कॅल्डर स्टेट' लिहिलं आणि तो कागद समोर ठेवला. मग एकेक संघ घेतला. कुणाशी खेळले, कुठे खेळले, कोण जखमी आहे, कुणाचे विजय नुसते आकड्यांचे आहेत. प्रत्येक संघाशेजारी कॅल्डर स्टेट धरून बघितली. ब्रॅडॉक यादीतून गेलं, आणि त्याच्या एकोणिसाव्या जागेसाठी त्याने चार संघ ताडून बघितले. कॉफी दोनदा केली आणि दोन्ही वेळा शेगडीपाशी उभा राहिला. पंचविसाव्या जागेसाठी सात संघ उरले, त्यात कॅल्डर स्टेट होती. साडेआठ झाले. एक मत, आता तर त्यांना वर आणायला त्याचं मत पुरणारही नव्हतं. मग द्यावं की, कुणाचं काय जातं? एक गुण. भाऊ बघेल आणि त्याला बरं वाटेल. पण बरं वाटेल का? एकतीस याद्या वाचणाऱ्या माणसाला बरं वाटेल का? त्याने डावखुऱ्याचे आकडे पुन्हा काढले. शनिवारची आठवी इनिंग पुन्हा बघितली. साडेनऊला सातांतले चार गळाले होते. नऊ चाळीसला दोन उरले. मिसिसिपीतलं एक कॉलेज, आणि कॅल्डर स्टेट. त्याचे डोळे चुरचुरत होते. भावाला मी आयुष्यात पहिल्यांदा इतका वेळ बघतोय, त्याला वाटलं, आणि त्याला रडू आलं. चौसष्टाव्या वर्षी, टेबलाशी, कोरडं. नऊ बावन्नला त्याने पंचविसाव्या जागी मिसिसिपीतल्या त्या कॉलेजचं नाव लिहिलं, वहीवरच्या 'कॅल्डर स्टेट'वर एकदा बोट ठेवलं, आणि यादी पाठवली.

बारा वाजता निकाल लागला. कॅल्डर स्टेट तिसाव्या जागेच्याही खाली गेली होती. एमेट जेवायला गेला नाही. व्हरांड्यात फोन मांडीवर ठेवून बसला. समोरच्या घरातली बाई अझेलियाची वाळलेली फुलं खुडून बादलीत टाकत होती. सव्वाबाराला काही आलं नाही, साडेबाराला नाही. त्याला वाटलं, ठीक आहे, आता यापुढे असंच. पावणेएकला फोन थरथरला. कर्टिसचा संदेश होता, एका ओळीचा.

'एकोणिसावा बरोबर लावलायस.'

एमेटने तो दोनदा वाचला. मग त्याने कर्टिसला फोन लावला, आणि पलीकडून पाण्याच्या नळीचा आवाज आला.